पडलेलं फळ

बालीतल्या तेंगानान गावात झाडावरचं दुरियान तोडायला मनाई आहे. झाड तुमचं असो, तुमच्या पणजोबांनी लावलेलं असो, फळ पिकून त्याचा वास अर्ध्या डोंगराला गेलेला असो, हात लावायचा नाही. वाट बघायची. पिकलं की ते आपसूक पडेल. आणि एकदा पडलं, की ज्याला सापडेल त्याचं.

मी कोकणातली. कुंपणापलीकडे पडलेल्या आंब्यावरून दोन चुलत घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. फांदी कुणाच्या हद्दीत, बुंधा कुणाच्या, आणि त्या रात्री वारा कुठून सुटला होता, इथपर्यंत चर्चा जाते. त्यामुळे बालीला जायचं ठरलं तेव्हा बरोबरच्या सगळ्यांना समुद्र, नाच आणि देवळं बघायची होती, मला मात्र ज्याच्याखाली भांडण होत नाही असं फळझाड बघायचं होतं.

तेंगानान बालीच्या पूर्वेला, कारंगासेम जिल्ह्यात. किनाऱ्यावरच्या चांदीदासाजवळ मोठा रस्ता सोडायचा आणि डोंगराकडे तीन-चार किलोमीटर आत जायचं. सडक गावाच्या वेशीशी संपते. तिथं वहीत नाव लिहायचं, पेटीत जमेल ते टाकायचं आणि अंग चोरून जावं लागेल अशा अरुंद दारातून आत शिरायचं. आत गेलं की गाव एकदम मोकळं होतं. दक्षिणोत्तर धावणारे रुंद, दगडी फरसबंदीचे रस्ते, डोंगराकडे टप्प्याटप्प्यानं चढत गेलेले. मधोमध काळपट छपरांचे लांबच लांब मंडप, दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून एकसारखी घरं. रस्त्यातून एखादी म्हैस आपल्याच विचारात चाललेली. बांबूच्या टोपल्यांखाली झुंजीचे कोंबडे ओळीनं ठेवलेले, आणि त्यातला एक चक्क गुलाबी रंगवलेला. का म्हणून विचारलं, तर समोरचा म्हणाला, छान दिसतो म्हणून. यावर काय बोलणार?

इथले लोक बाली आगा, म्हणजे आधीपासूनचे बालीकर. 1343 मध्ये जावाच्या मजापहित राज्यानं बाली जिंकलं आणि दरबारी रीतीभाती बेटभर पसरल्या. डोंगरांतली काही गावं त्यापासून जरा बाजूला राहिली, त्यातलं हे एक. हिंदूच, पण मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि मुख्य देव कोण, तर इंद्र. आपल्याकडे इंद्राला बिचाऱ्याला कुणाचं तरी तप मोडण्यापलीकडे फारसं काम उरलेलं नाही. इथं त्याचा थाट अजून शाबूत आहे. मे-जूनच्या सुमारास त्याच्या नावानं उत्सव होतो, त्यात उघड्या अंगाची पोरं केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांच्या जुड्यांनी एकमेकांना ओरबाडतात. वेताची ढाल हातात असते म्हणा. रक्त निघतं, मग जखमांवर हळदीचा लेप लावतात आणि सगळे मिळून जेवायला बसतात. मी उत्सवाच्या दिवसांत गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्याची हळहळही वाटली नाही.

फळांकडे वळते. पडायची वाट बघायची ती झाडं चार. दुरियान, तेहेप, पांगी आणि केमिरी. दुरियान ऐकून माहीत असतं: फणसाहून लहान, काट्यांनी भरलेलं, वासामुळे हॉटेलांत बंदी असलेलं. तेहेप फणसाच्याच गोतातलं. पांगीच्या बिया कच्च्या खाल्ल्या तर विषारी. त्या नीट मुरवून काळ्या झाल्या की रश्शाला दाट, काळा रंग देतात. ही चारही झाडं जिवंत असेपर्यंत तोडायची नाहीत. फणस आणि चाफाही त्याच यादीत. मेलेलं झाडसुद्धा गावाला विचारून तोडायचं. हे सगळं गावाच्या कायद्यात, अविग-अविगमध्ये लिहिलेलं आहे. 1841 साली गावाला आग लागली आणि जुनी पोथी जळाली. मग लोकांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहून काढली. एवढी आयती संधी आलेली असताना एखादं कलम सोयीनं विसरावं असं कुणालाच वाटलं नसेल? दुरियानचं कलम तर अगदी विसरण्याजोगं होतं.

या नियमाकडे आधी मी उदारपणा म्हणून बघत होते. बागेतून खाली येणाऱ्या एका तरुणाशी बोलले तेव्हा त्यातला व्यवहार कळला. तोडायची सोय असली की माणूस दुसऱ्याच्या आधी तोडतो, म्हणजे कच्चं तोडतो. शेजारी त्याच्याही आधी, म्हणजे आणखी कच्चं. शेवटी बाजारात जातं ते निव्वळ पोचट. पडायचीच अट घातली की घाईला अर्थच उरत नाही, मालाला चव येते आणि फांद्याही मोडत नाहीत. मोसमात पोरं रात्री बॅटरी घेऊन बागेत बसतात, धप्प आवाज आला की पळत सुटतात. "झाडाखालीच बसत नाहीत का, म्हणजे पहिला हात तुमचा?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. दोन-तीन किलोचं काटेरी फळ उंचावरून डोक्यात पडलं तर पहिला हात काय, पुढचं काहीच उरत नाही.

चौघांतली केमिरी मला सगळ्यात आवडली, कारण ती दिसायला काहीच नाही. कठीण कवचाची, सुपारीपेक्षा जरा मोठी, मळकट बी. जमिनीवर पडलेली असते, लोक वाकून उचलतात, टोपलीत टाकतात. पण गावाची कीर्ती जिच्यावर उभी आहे ती हीच. गेरिंगसिंग नावाचं कापड इथं विणतात. ताणा आणि बाणा दोन्ही विणायच्या आधीच बांधून रंगवायचे आणि मग नक्षी मागावर जुळवायची, हा प्रकार जगात फार थोड्या ठिकाणी चालतो: आपल्याकडे गुजरातेत पाटणला आणि तेलंगण-आंध्राच्या पट्ट्यात, जपानात, आणि इंडोनेशियात या एका गावात. त्याची सुरुवात केमिरीनं होते. बिया कुटून तेल काढायचं, त्यात राखेचं पाणी मिसळायचं आणि सूत त्यात 42 दिवस मुरत ठेवायचं. तेल प्यायलेलं सूतच लाल रंग नीट धरतं.

हे ऐकताना मला तेलंगणातल्या पुट्टपाकाचा तेलिया रुमाल आठवला. तिथंही सूत तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवतात, त्या तेलाच्या वासावरूनच रुमालाचं नाव पडलं. तेंगानानचा लाल रंग येतो तो ज्या झाडाच्या मुळांतून, त्याचंच भावंड आपलं आल, काही ठिकाणचं बारतोंडी. वऱ्हाडात, बुंदेलखंडात एकेकाळी आलीची मुळं खणून कापडं रंगवत. 1870 च्या सुमारास कारखान्यातला स्वस्त लाल रंग बाजारात आला आणि आल शेतांतून हद्दपार झालं. पाटणची रेशमी पटोळी शतकानुशतकं जहाजांतून या बेटांकडे जात होती, पुढे डच कंपनीनंही तो व्यापार केला. त्यावरून कुणी कुणाचं पाहून शिकलं याची भांडणं अभ्यासक करत असतात. मला त्यात पडायचं नाही. इतकंच दिसतं, की सुताला तेल पाजल्याशिवाय चांगला लाल चढत नाही हे ज्यांना कळलं ते समुद्राच्या दोन्ही काठांवर होते.

एका ओसरीवर एक बाई विणत बसल्या होत्या. मी "इबू", म्हणजे आई, म्हटल्यावर त्यांनी मान न उचलता बसायला जागा दाखवली. माग कसला, कमरेला पट्टा आणि पाय भिंतीला टेकवलेले. अंगाचाच ताण. दोन-चार धागे घालायच्या, मग कंबर किंचित पुढे आणून ताणा सैल सोडायच्या आणि हाडाच्या टोकदार काडीनं एकेक धागा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायच्या, ताण्यावरचा लाल ठिपका बाण्यावरच्या लाल ठिपक्यावर बसेपर्यंत. मग पुन्हा कंबर मागे, धागे ताठ. मी तिथं होते तेवढ्या वेळात बोटभरही कापड पुढे सरकलं नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. ज्या सुतानं रंगाची एकेक बुडी घेत कधी कधी वर्षं काढलेली असतात, त्याला एका दुपारची काय पडलीय? किंमत विचारायचं धाडस केलं आणि पटकन विषय बदलला.

रंग तीन: लाल, काळपट आणि तेलाचा पिवळसर. काळपटासाठी आधी निळीत बुडवावं लागतं, आणि इथं गंमत आहे. तेंगानानमध्ये निळीचं काम निषिद्ध. गावात निळीचा माठ लावायचाच नाही. मग सूत शेजारच्या बुगबुग गावी जातं, तिथले लोक निळं करून देतात आणि ते परत येऊन इथं लाल होतं. सोवळं सांभाळायचं तर शेजारी ओवळं करणारं कुणीतरी असावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि ही शेजारधर्माची गोष्ट निळीपाशी थांबत नाही. गावाची जमीन सगळी मिळून 900 हेक्टरांच्या वर. बाहेरच्याला विकायची नाही, गहाण ठेवायची नाही. त्यात भातशेतीही बरीच आहे, आणि ती कसतात मुख्यतः आसपासच्या गावांतले लोक, वाट्यानं. तेंगानानकरांना त्यामुळे वेळ असतो: उत्सवांना, सभेला, त्या हाडाच्या काडीला. सभेत बसायचं ते लग्न कुणाचं आधी झालं त्या क्रमानं. मुलाचं लग्न झालं की जोडप्यानं उठून पुढच्यांना जागा द्यायची. गावाबाहेरच्याशी लग्न केलं तर त्या सभेतली जागाच जाते, हा जुना दंडक. तटाच्या आत इतकी समानता, आणि तटाबाहेर वाटेकरी. दुरियानखाली भांडण का होत नाही, याचं निम्मं उत्तर त्या भाताच्या खाचरांत आहे असं मला वाटतं. पोटाची चिंता मिटलेली असली की पडलेल्या फळावरून मन मोठं ठेवणं जमतं. यात गावाला नावं ठेवायची नाहीत. आमच्या चुलत घरांनाही पोटाची चिंता नव्हती, तरी बोलणं बंदच होतं.

निघताना वेशीजवळ एक आजोबा ताडपत्रावर कोरत बसले होते. पट्ट्या दोऱ्यात ओवलेल्या, घडी घातली की बोटभर रुंदीची पोथी. बारीक सुरीनं ते रामायणातला प्रसंग काढत होते आणि मला तर पानावर काहीच दिसेना, नुसते ओरखडे. मग त्यांनी शेजारची जळकी बी उचलली, पानावर खसाखसा चोळली, पान पार काळं केलं. फडक्यानं पुसलं, आणि ओरखड्यांत काळं अडकून राम, सीता, सोन्याचा मृग सगळे एकदम वर आले. जळकी बी म्हणजे केमिरी, हे सांगायला नकोच.

गावाच्या जमिनीची गोष्ट त्यांनीच सांगितली. फार पूर्वी बेदाहुलूच्या राजाचा घोडा हरवला. घोड्याचं नाव ओंचेस्रावा. मी थबकलेच: समुद्रमंथनातून वर आलेला आपला उच्चैःश्रवा! तो इथं कारंगासेमच्या डोंगरात मरून पडला होता. शोधायला निघालेल्या लोकांना तो सापडला, तेव्हा राजानं बक्षीस म्हणून सांगितलं, घोड्याच्या मढ्याचा वास जिथवर येईल तेवढी जमीन तुमची. मोजणीला नाकाचा तिखट असा एक अधिकारी पाठवला. तो आणि गावाचा म्होरक्या मिळून चालत निघाले. डोंगर चढले, उतरले, दुसरा डोंगर चढले, वास येतच राहिला. अधिकारी दमला, म्हणाला, पुरे, एवढी सगळी तुमची. तो गेल्यावर म्होरक्यानं कपड्यांत लपवलेला घोड्याच्या मांसाचा तुकडा बाहेर काढला. गावाच्या आसपासचे काही मोठे दगड म्हणजे त्याच घोड्याचे अवयव, असं म्हणतात. कुठला दगड कुठला अवयव, हे आजोबांनी हातवारे करून सांगितलं आणि एका दगडापाशी येऊन स्वतःच हसत सुटले.

फळ तोडलं तर नियमभंग धरणाऱ्या गावाचा सातबारा असा मिळवलेला. मी विचारलं, "राजाला पुढे कळलं नाही का हो?"

"कळलं असेल की," ते म्हणाले. "पण वास आला होता हे तर खरंच ना?"

मग पोथी कितीला, ते सांगितलं. मी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि समोर कोण बसलंय हे ध्यानात येऊन पैसे काढले.