माथेरान लेआउट अपडेट: लाल माती अखेर जमली, आणि एक नवीन पॅनेल डोक्यात घुसलंय

मंडळी, लाल माती जमली! नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचं जे मॉडेल (लेआउट) मी तुकड्या-तुकड्यांत, म्हणजे पॅनेलांत, घरी बांधतोय, त्यात मागच्या अपडेटमध्ये मातीच्या रंगापाशी अडलो होतो, तिथून पुढे सरकलोय आणि एवढा आनंद झालाय की रुळांची वायरिंग अर्धी टाकून आधी हे लिहायला बसलो.

खालचं जुम्मापट्टीचं पॅनेल तुम्ही बघितलंय. तिथे दगड काळा, म्हणजे पीओपीचं कास्टिंग, त्यावर राखाडी-काळा वॉश (पातळ रंगाचा हात) आणि कडांना थोडं ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग), काम झालं. वरचं अमन लॉज ते माथेरान पॅनेल मात्र सगळं जांभ्याचं. स्लीपरच्या मध्ये लाल, घोड्यांच्या वाटेवर लाल, झाडांच्या बुंध्यांवरही हातभर उंचीपर्यंत लाल धूळ बसलेली. हा रंग चुकला तर बाकी कितीही डिटेलिंग करा, ते माथेरान दिसतच नाही, कुठलंही हिल स्टेशन दिसतं.

खरीच माती वापरायची हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. वाळवली, खलबत्त्यात कुटली, मैद्याच्या चाळणीतून काढली, आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्पीकरचा मॅग्नेट तिच्यातून चार वेळा फिरवला (हे प्रत्येकाने कराच, आपल्याकडच्या मातीत लोहखनिजाचे बारीक काळे कण भरपूर असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात). कोरडी पसरली की अगदी हुबेहूब. त्यावर फेविकॉलचं पाणी सोडलं की वाळल्यावर चॉकलेटी. प्रत्येक वेळी चॉकलेटी!

कारण तसं सरळ आहे. कोरड्या कणांच्या मध्ये हवा असते, उजेड तिथे विखुरतो म्हणून माती फिकी दिसते. फेविकॉल त्या फटी भरून टाकतो आणि माती कायमची ओली दिसायला लागते. पाणी जास्त घातलं तर कण सुटे राहतात आणि ती धूळ रुळावर चढून गाडी अडकते, कमी घातलं तर रंग आणखी गडद. फेविकॉल एमआरच्या जागी आर्ट शॉपमधलं मॅट मिडियम (न चकाकणारा ॲक्रिलिक गोंद) वापरलं, चकाकी गेली पण गडदपणा तसाच. त्यात जुलैची हवा, डोंबिवलीत पंखा लावूनही बॅलास्ट (रुळांखालची खडी) रात्रभर चिकट राहायचा. परदेशातून मागवलेली टेराकोटा पावडरही ट्राय केली, ती सरळ नारिंगी दिसते, आपल्या जांभ्यात जी जांभळट झाक असते ती तिच्यात नाहीच.

उत्तर शेवटी पूजासाहित्याच्या दुकानात मिळालं. रांगोळी! साधी पांढरी, दगडाची. माझ्या मॉडेलच्या १:७६ प्रमाणात ३८ मिलिमीटरची खडी म्हणजे अर्धा मिलिमीटर होते, आणि रांगोळीचा जाडसर कण त्याच्या जवळपास असतो. बारीक पीठ चाळून बाजूला काढलं, उरलेला दाणा ॲक्रिलिकमध्ये रंगवला, बर्न्ट सिएना, थोडा यलो ऑकर आणि अगदी कणभर जांभळा. पेपरवर पसरून वाळवला, गुठळ्या बोटांनी मोडल्या. दुकानातली तयार रंगीत रांगोळी नका घेऊ, गोंदाचं पाणी लागलं की तिचा रंग सुटतो आणि स्लीपर गुलाबी होतात.

मुख्य युक्ती अशी, की दाणा हव्या त्या रंगापेक्षा दोन शेड फिका ठेवायचा, गोंद त्याला आपोआप खाली आणतो. एवढा बॅलास्ट आधी नेहमीच्या पद्धतीने पक्का करायचा, म्हणजे आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) स्प्रे, मग एकाला तीन फेविकॉल-पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, आणि केमिस्टकडच्या सिरिंजने थेंब थेंब. पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर ब्रशने मॅट मिडियमचा अगदी पातळ हात, तो चिकचिकीत असतानाच खरी माती मलमलच्या कापडातून वरून झटकायची. खालचा थर चिकटतो, वरचे कण कोरडेच राहतात, म्हणून रंग तसाच राहतो. जास्तीची माती दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने काढून टाकली की झालं. रुळाच्या आतल्या बाजूला मात्र दाणा राहू देऊ नका, काटो कंपनीच्या मॉडेल इंजिनाच्या चाकांचा फ्लँज (आतली कड) त्यावर चढतो. पॉइंट्सच्या (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्यांच्या) पात्यांजवळ गोंदाची सिरिंज नेऊच नका, तिथे नुसता रंग.

ट्रॅकबद्दल पुन्हा एकदा. पीको कंपनीचा ००९ (नॅरोगेज मॉडेलसाठीचा, ९ मिलिमीटर रुंदीचा) वाकवता येणारा फ्लेक्सट्रॅक महाग आहे हे मान्य, पण घ्या. तेवढ्याच रुंदीच्या, पण लहान प्रमाणाच्या एन गेजच्या ट्रॅकचे स्लीपर बारीक आणि जवळजवळ असतात, ते कापून विरळ करत बसण्यात जो वेळ जातो त्यात एक स्टेशन बांधून होतं. पीकोचे मुद्दाम वाकडेतिकडे ठेवलेले स्लीपर या बॅलास्टमध्ये बसले की नॅरोगेज डोळ्यांसमोर उभी राहते.

गवतासाठी डास मारायच्या रॅकेटचा स्टॅटिक ॲप्लिकेटर मस्त चालतोय. आणि काल रात्री एनडीएम-६ (माथेरानच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल) तीन डबे घेऊन १:२० चा चढ न थांबता चढली, खऱ्या लाइनवरही तोच चढ आहे. चाकं घसरली नाहीत, आवाज नाही, मी नुसता बघत बसलो.

आता हे लिहितालिहिता समोर टेबलावर ते सगळे चॉकलेटी सॅम्पल पडलेत, आणि लक्षात आलं की पहिल्या पावसानंतर माथेरानची माती नेमकी अशीच दिसते! फेकायचे नाहीत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते पण वरची अमन लॉज–माथेरान शटल चालते, म्हणजे फक्त शटलचं एक छोटं पावसाळी पॅनेल अगदी प्रोटोटाइपला, म्हणजे खऱ्या लाइनला, धरून होईल. जांभ्याच्या भिंतींवर शेवाळ, वाटेवर तांबड्या पाण्याची डबकी, घोडेवाल्यांच्या अंगावर प्लास्टिकचे कागद. तिथे मातीला फेविकॉल सढळ हाताने, गडद झाली तर उत्तमच.

त्यामुळे माथेरान स्टेशनची शेड आता थोडी थांबेल, आधी हे पॅनेल. प्लायवूड दमट हवेत फुगतं, म्हणून बेस एक्सपीएस (कडक फोमच्या) बोर्डचा करतोय, कडेला फक्त ॲल्युमिनियमचा अँगल. डबक्यांसाठी एपॉक्सी की ग्लॉस व्हार्निशचे थर हे ठरत नाहीये. एपॉक्सी कडेने मातीत वर चढतं अशी भीती वाटतेय, कोणी आधी मातीची कड सील करून मग ओतलं असेल तर कशाने सील केलं तेवढं सांगा, रविवारी पहिलं डबकं ओततोय.