एका बादलीपासून दोन बादल्यांपर्यंत: आमची वाटचाल

सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन गाड्या धुण्याचं काम आम्ही एक बादली, एक पिवळा फडका आणि भांड्यांच्या साबणावर सुरू केलं. आज सामानाची पेटी उचलायला दोन माणसं लागतात. तरी कामात खरा फरक पाण्याने आणि कापडाने पडला, महागड्या बाटल्यांनी तेवढा नाही.

काळी गाडी उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. ते रस्त्यावर क्वचितच पडतात, बहुतेक पुसताना पडतात. रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 40-50 मायक्रॉनच्या आसपास, डोक्याच्या केसाहून पातळ. रोज सकाळी कोरडा फडका फिरवला की धुळीतली बारीक वाळू याच थरावर घासली जाते. म्हणून रोजच्या कोरड्या पुसणीचं काम आम्ही सोडून दिलं. हे गिऱ्हाइकाला पटवणं धुण्यापेक्षा अवघड जातं, कारण रोज पुसलेली गाडी त्या दिवशी चकचकीत दिसतेच.

मग दोन बादल्या आल्या. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शांपूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच परत शांपूत. दोन्ही बादल्यांच्या तळाशी जाळी ठेवली की खाली बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. चाकांना तिसरी बादली आणि वेगळा ब्रश, कारण ब्रेकच्या काळ्या भुकटीत लोखंडाचे कण असतात. चाकं आधी, मग टपापासून खाली. दरवाज्यांचा खालचा पट्टा आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण रस्त्याची खडी तिथेच उडते. शांपू न्यूट्रल पीएचचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, 10 लिटर पाण्याला साधारण 30 मिली, पण बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. भांड्यांचा साबण मळ काढतो, त्याच झटक्यात आधी लावलेला वॅक्सही उतरवतो.

पाण्याने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पत्र्यावर सुकलं की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम मागे राहतं. पांढरे ठिपके ते हेच. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणं काटकसरीचं वाटतं, पण नळाच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. ते पायपुसण्या आणि चाकांवरच्या कमानींना चालेल, बोनेटला आणि काचेला नको. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. दमट रात्री अर्धी बादली सहज जमते, गाळून घेतलं की शेवटच्या खळबळीला उत्तम. ठिपके ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने मिनिटभर दाबून ठेवायचं आणि लगेच धुवायचं, तेही गार पत्र्यावर. संडास साफ करायचं ॲसिड अलॉय चाकांना लावणारे अजूनही भेटतात. चाकांवरचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, त्याने कायमचा जातो.

पाण्याची टंचाई असते तेव्हा रिन्सलेस पद्धत, म्हणजे नंतर पाण्याने खळबळावं लागत नाही अशी धुणी. साडेसात लिटर पाण्यात 30 मिली रिन्सलेस द्रावण, सात-आठ मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांची मऊ कापडं) त्यात भिजवलेले. प्रत्येक भागाला कापडाची नवी बाजू, एकाच दिशेने, दाब न देता. अख्खी गाडी एका बादलीत होते. मात्र लाल चिखलाने माखलेल्या गाडीवर हे करू नये, कोकणातून परतलेल्या गाडीला आधी पाण्याची धार हवीच.

कापड पुसायला 300-400 जीएसएमचं (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन, म्हणजे कापडाचा दाटपणा), पाणी टिपायला 500 च्या पुढचं. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा रंगाला लावायचं नाही, ते चाकांकडे जातं. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुतलं की त्यात तंतू अडकतात आणि फॅब्रिक सॉफ्टनरने ते पाणी शोषेनासं होतं. कापड खराब निघालं, अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच.

टायर काळेभोर दिसावेत म्हणून रॉकेल किंवा डिझेल फासण्याची जुनी रीत आम्ही थांबवली. पेट्रोलियम पदार्थांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं. स्टिअरिंग आणि पेडलांना चमक आणणारं काहीच लावायचं नाही, हात-पाय घसरतात. डॅशबोर्डला ओलसर कापड पुरतं, फवारा कापडावर मारायचा, बटणांवर कधीच नाही.

पावसाळ्यात काम बाहेरून आत सरकतं. कुबट वासावर अत्तराची बाटली लटकवण्याआधी खालचा गालिचा दाबून पाहावा. एसी चालवल्यावर डावीकडे स्वच्छ पाणी साचत असेल तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. पावसानंतरच साचत असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं अडकली आहेत किंवा दरवाज्याखालची भोकं बुजली आहेत. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, तिथे आमचं काम संपतं आणि मेकॅनिकचं सुरू होतं. गालिचा वरून सुकला तरी त्याखालचा फोम ओलाच राहतो, तो उचलून पंखा लावावा लागतो.

सध्या विचारणा सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक संरक्षक थराची, जास्त होते. कोटिंग ओरखडे झाकत नाही, उलट खाली असतील ते तसेच बंद करून ठेवतं. त्यामुळे आधी क्ले बार (रंगाला चिकटून बसलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी), मग मशीनने पॉलिश. दरवेळी क्लिअर कोट थोडा झिजतो, म्हणून जाडी मोजल्याशिवाय आम्ही मशीन लावत नाही आणि दरवर्षी पॉलिश मागणाऱ्याला नाही म्हणतो. कोटिंगनंतर पहिले सात दिवस गाडी धुवायची नाही. पक्ष्याची विष्ठा पडली तर तेवढीच ओल्या कापडाने भिजवून उचलायची, घासायची नाही. उन्हात ती दिवसभर राहिली तर कोटिंगवरही डाग उमटतो.