आमटी मिळून यावी म्हणून: हिवाळ्यापासूनची नोंद

गोड्या मसाल्याचा विषय दिवाळीलाच निकालात निघाला. भाजणीचं प्रमाण बसलंय, त्यात आता हात घालणार नाही. हिवाळ्यापासून मागे लागलोय ते आमटी मिळून येण्याच्या, म्हणजे डाळ आणि पाणी एकजीव राहण्याच्या. साधी तुरीच्या डाळीची चिंचगुळाची आमटी, रोजची. चवीला कुणी नाव ठेवत नव्हतं. पण वाटीत वाढून पाच-दहा मिनिटं गेली की वर गढूळ पाणी आणि तळाशी डाळीचा रवा. भातावर घातली की पाणी भाताखाली पळतं आणि डाळ वर कोरडी बसून राहते. आमच्याकडे याला चोथा-पाणी म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

आतापर्यंत जे हाती लागलंय ते आधीच सांगून टाकतो. आमटी मिळून येते की नाही हे फोडणीच्या आधीच ठरलेलं असतं. कुकरमध्ये, आणि झाकण उघडल्यावरच्या पाच मिनिटांत. मसाला, गूळ, खोबरं यांचा त्यात काही हात नाही. चिंचेचा आहे, पण उलट्या बाजूनं.

पायाचं प्रमाण तेच ठेवलं, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलता येते: तूरडाळ 100 ग्रॅम, बिया काढलेली चिंच 10 ग्रॅम, गूळ 15 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, गोडा मसाला दोन लहान चमचे, आणि शेवटी तयार आमटी साधारण 850 मिली. ज्यांना हाताच्या अंदाजावर भरवसा आहे त्यांनी वजनकाट्याला खुशाल हसावं. घरातही हसतात.

डाळ

दुकानात फटका डाळ म्हणून मिळते ती चकचकीत, एकसारखी, हळदीसारखी पिवळी. गावरान म्हणून मिळते ती मळकट, कडा तुटलेल्या, अधूनमधून साल चिकटलेली. दिसण्यावर जाऊ नका. शिजण्याच्या बाबतीत या दोघींतला फरक माझ्या अनुभवात कमी पडला. नवी डाळ आणि जुनी डाळ यांतला फरक मात्र मोठा. तूर निघते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे नवी डाळ दुकानात यायला लागते. माळ्यावरच्या डब्यात उन्हाळा-पावसाळा काढलेली डाळ तेवढ्याच वेळात शिजत नाही. उष्म्यात आणि दमट हवेत साठवलेलं कडधान्य आतून घट्ट होत जातं. ते भिजवून थोडंफार सुधारतं, पण नव्यासारखं होत नाही.

मिलमध्ये साल सुटावी म्हणून तुरीला तेल-पाणी लावतात, त्यामुळे डाळीवर पातळ तेलकट थर राहू शकतो. म्हणून पहिलं पाणी कोमट घेतो, मग साध्या पाण्यानं पाणी स्वच्छ येईतो धुतो. त्यानंतर अर्धा तास भिजत. भिजवायला वेळ नसेल तर नाही भिजवली तरी चालतं, पण मग शिट्ट्या वाढवायच्या.

लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नंदुरबारच्या नवापूरच्या डाळीला त्याआधीच मिळालेलं आहे. बोरसुरीची म्हणून मिळालेली एक पिशवी शिजवून पाहिली. वास सुरेख, डाळ उघडल्याबरोबर स्वयंपाकघरभर. मात्र पिशवीवर काय छापलंय आणि आत काय आहे याची खातरजमा घरबसल्या करता येत नाही, तेव्हा यावरून निकाल देत नाही.

पाणी

इथे खरी मजा आली. ताई पुण्यात पेठेत राहते, नळाला महापालिकेचं पाणी. मी शहराबाहेर, आमच्याकडे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. एकाच पोत्यातली डाळ आम्ही दोघांनी वाटून घेतली. तिच्याकडे तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी, माझ्याकडे पाच शिट्ट्यांनंतरही बोटांत कण लागतो. ताईचं म्हणणं, "तुझा कुकर बदल." कुकर बदलून झाला. तिचाच आणला. फरक शून्य.

मग एकाच कुकरमध्ये तीन लहान डबे ठेवले. प्रत्येकात सारखीच डाळ, सारखंच पाणी मोजून. पहिल्यात बोअरचं, दुसऱ्यात आरओचं (क्षार काढणाऱ्या फिल्टरचं), तिसऱ्यात आरओच्या पाण्यात मीठ. खालच्या डब्याला जास्त आच लागते अशी शंका कुणी काढेल म्हणून पुढच्या खेपांना डब्यांची जागा बदलली. कुठेही ठेवा, बोअरच्या पाण्याचा डबा ओळखू येतो: दाणा फुगलेला, पण कडा शाबूत. पळीनं दाबला तर चिरडतो, विरत नाही. आरओच्या डब्यात डाळीचा आकारच उरत नाही.

कारण सरळ आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळावं लागतं. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं; त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला जाऊन बसतं आणि विरघळू देत नाही. दाणा मऊ होतो, पण सुटा होत नाही. आणि सुटा झाला नाही तर त्याच्या आतला स्टार्च पाण्यात येणार कुठून? मिळून येण्यासाठी तोच तर हवा असतो.

मिठाचा डबा गंमतीचा निघाला. डाळ शिजताना मीठ घालायचं नाही, शिजत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या डब्यांत मिठाची डाळ बिनमिठाच्या डाळीपेक्षा तसूभरही कमी शिजली नाही. शास्त्र पाहिलं तर मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, म्हणजे झाली तर मदतच व्हावी. तरी मी मीठ नंतरच घालतो. त्याला शास्त्र नाही, सवय आहे.

सोडा घालू नका. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानं डाळ झटकन विरते हे खरं, पण साबणासारखी एक चव मागे राहते आणि ब1 जीवनसत्त्व जातं ते वेगळंच. खानावळीत काय करतात ते त्यांचं त्यांना माहीत.

कुकरात हिंग, हळद आणि चमचाभर तेल. तेल एवढ्यासाठी की फेस कमी येतो आणि शिटीतून पिवळं पाणी भिंतीवर उडत नाही. पाणी डाळीच्या अडीचपट. पहिली शिटी मोठ्या आचेवर, पुढच्या मंद आचेवर, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. शिटी उचलून वाफ काढली की कुकरातलं तापमान एकदम खाली येतं, डाळ उसळून वर येते आणि डब्याच्या कडेनं अर्धी बाहेर. वाफ जिरण्याची ती दहा-बारा मिनिटंही शिजण्यातच धरायची.

घोटणं

शेजारच्या काकू मूळच्या लातूरकडच्या. त्यांना शिजलेली डाळ दाखवायला डबा घेऊन गेलो. बोटांत दाणा चिरडून दाखवला. त्यांनी दाण्याकडे पाहिलंच नाही. डबा तिरका केला, आणि म्हणाल्या, "दाणा मऊ झाला म्हणून काय झालं? पाणी बघ की, अजून वेगळंच पळतंय."

तेव्हापासून डबा तिरका करून बघतो. डाळ शिजली असेल तर वरचं पाणी दाटसर, अपारदर्शक दिसतं आणि डब्याच्या कडेवर पातळ पिवळा थर धरतं. नुसतंच हळदीचं पाणी ओघळत असेल तर परत कुकर, आणखी दोन शिट्ट्या. या टप्प्यावर कंटाळा केला तर पुढे तासभर उकळूनही भागत नाही.

घोटायचं गरम असताना. झाकण उघडल्याबरोबर, डाळ थंड व्हायच्या आत. गार झालेली डाळ थिजते, तिच्या गुठळ्या होतात आणि मग रवी त्या गुठळ्या नुसत्या इकडून तिकडे फिरवत बसते. लाकडी रवी, डब्याच्या तळापासून, मिनिट-दोन मिनिटं. पळीनं घोटलं तरी होतं, हात दुखतो इतकंच. मिक्सर मात्र नको. मिक्सरमधल्या डाळीला फेस येतो, रंग फिका पडतो आणि जिभेला एक चिकटपणा लागतो. आमटीत डाळ कळली पाहिजे. अगदी गुळगुळीत करायची असेल तर सूपच करा.

पाणी वाढवायचं तेही कढत. दुसऱ्या शेगडीवर पातेलं ठेवूनच देतो. घोटलेल्या डाळीत आधी एक पळी कढत पाणी, घोटून एकजीव, मग दुसरी पळी. सगळं पाणी एकदम ओतलं तर डाळ खाली बसते आणि तिला परत वर आणायला उकळी लागते.

चिंच

कोळ शेवटी, हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते डब्यांच्या खेळात दिसलं. शिजतानाच कोळ घातलेली डाळ तिप्पट वेळ कुकरात ठेवूनही कणीदार राहिली. आंबटात पेक्टिन सुटत नाही. म्हणजे कोळ पडला की शिजणं तिथेच थांबलं असं समजायचं. डाळ जरा कच्ची आहे, उकळताना होईल, असं म्हणून कोळ घालणाऱ्यांची आमटी हमखास फुटते. आमसुलाचंही तेच.

यंदा घरी नवी चिंच फोडून मीठ लावून बरणीत भरली आहे. नवी चिंच रंगाला तांबूस आणि चवीला तीक्ष्ण, मागच्या वर्षीची काळीभोर आणि गोडसर आंबट. एकाच वजनाला आंबटपणा सारखा येत नाही, त्यामुळे 10 ग्रॅम हा आकडा नव्या चिंचेला 8 वर आणावा लागतो. गूळ तेवढाच ठेवला. आमच्या घरात गूळ पुढे लागलेला चालतो, सांगलीकडच्या पाहुण्यांना चालत नाही, यावर जेवताना वाद झाले आहेत आणि होतील.

फोडणी

शेंगदाण्याचं तेल, मोहरी, चार-पाच मेथीदाणे, हिंग, हळद, कढीपत्ता. मेथीदाणा लालसर झाला पाहिजे, काळा नाही. गोडा मसाला फोडणीत घालावा की आमटीत? त्यात तीळ आणि सुकं खोबरं आहे, आधीच भाजलेलं. तापलेल्या तेलात ते काही क्षणांत करपतं आणि दगडफुलाचा वास मागेच पडतो. मी कोळाबरोबर घालतो आणि मग आठ-दहा मिनिटं मध्यम आचेवर उकळू देतो. तवंग कमी येतो, वास टिकतो. ज्यांना तवंगच हवा आहे त्यांनी वरून थोडी फोडणी घालावी.

फुटलेली आमटी सावरायची कशी, हेही करून बघितलं. पंगत वाढली की आमटीत पाणी वाढतं आणि मग बेसन कालवून लावतात; ते जमतं, पण बेसनाचा कच्चेपणा घालवायला बराच वेळ उकळावं लागतं. त्यापेक्षा मराठवाड्यातलं येसर हुशारीचं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्यं भाजून मसाल्यासकट दळलेलं असतं, त्यामुळे एकाच वस्तूत चव आणि दाटपणा. काकूंकडून वाटीभर आणलं. भाजलेलं असल्यामुळे कच्चेपणाचा प्रश्नच नाही, आणि पाण्यात कालवून घातलं की दोन उकळ्यांत आमटी धरते. पण ती येसरची आमटी झाली, चिंचगुळाची राहिली नाही. माझ्या कामाची नाही, भाकरीबरोबर मात्र पुन्हा करणार.

सध्या कुठे आहे

नवी डाळ, आरओचं पाणी, मंद आच, गरम असताना घोटणं आणि कढत पाणी. या पाचांवर आमटी आता वाटीत अर्धा तास तशीच राहते. कटाची आमटी या हिशोबात धरत नाही, ती मुळात पातळच. बोअरच्या पाण्यावर अजून समाधान नाही. ते आधी उकळून, गार करून, वरचं निवळ घेतल्यावर थोडा फायदा झाला. उकळल्यावर कॅल्शियमचा काही भाग पांढरा होऊन भांड्याच्या तळाशी बसतो, पण सगळा जात नाही.

पुढे तांबडी आणि पांढरी तूर शेजारी शेजारी लावायची आहे: बीएसएमआर 736 तांबडी, बीडीएन 711 पांढरी, दोन्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती. दुकानातल्या डाळीवर जात लिहिलेली नसते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन्ही तुरी अख्ख्या मागवल्या आहेत. जात्यावर भरडायच्या. जातं मिळालंय, खुंटा सैल आहे, सुतार रविवारी येतो म्हणालाय. कुणी अलीकडे घरी तूर भरडली असेल तर भिजवून वाळवल्यावर किती दिवस उन्हं द्यायची ते कळवा.