चिंक्वे तेर्रेचे गडगे

आत्याला इटली दाखवायचं ठरलं तेव्हा तिने एकच मागणी केली. "ती मोठाली चर्चं चार दिवस पुरेत गो, मग मला समुद्रावर ने." गुहागरला उभा जन्म काढलेल्या बाईला इटलीत जाऊन बघायचाय काय, तर समुद्र! घरात बरीच थट्टा झाली. पण आत्याच्या शब्दाबाहेर जायची आमच्या घरात रीत नाही. रोम आणि फ्लोरेन्स उरकून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी ला स्पेत्सियाला उतरलो.

ला स्पेत्सिया हे इटालियन नौदलाचं गाव. गोदी, सरळ रस्ते, कामावर जाणारी माणसं. पर्यटक इथे मुक्कामापुरते येतात, कारण पलीकडच्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांतले खोल्यांचे भाव ऐकून घाम फुटतो. मला मात्र हे गाव आवडलं. पहिल्याच संध्याकाळी एका भट्टीवाल्याच्या दुकानात परातीएवढ्या तांब्याच्या थाळ्यातून निघालेला एक पिवळा, कडेने करपलेला तुकडा कागदावर हातात पडला. नाव फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस. आत्याने एक घास घेतला आणि म्हणाली, "अगो, हे तर बेसनाचं धिरडं! मिरची घालायला विसरलेत." पुढचे चार दिवस रात्रीच्या जेवणाची चिंता मिटली.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. पेस्तो इथला, म्हणजे लिगुरिया प्रांताचा. तुळशीच्या जातीचीच पानं, लसूण, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, तेल आणि चीज. त्रोफिये नावाच्या पिळदार पास्त्याबरोबर त्यात बटाटा आणि फरसबीही घालतात. मी रोज खाल्ला. आत्याने नाही, कारण त्यातलं पार्मिज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात हे मी तिला आधीच सांगितलं होतं. कट्टर शाकाहारी माणसाला घेऊन जाणार असाल तर हे ठाऊक असू द्या. नुसत्या टोमॅटोचा पास्ता आणि फोकाच्या नावाचा तेलकट, मऊ पाव सगळीकडे मिळतो. बिलात 'कोपेर्तो' म्हणून बसण्याचे पैसे लागतात, त्यावरून वाद घालू नये. आम्ही घातला, आणि हरलो.

आता ती पाच गावं. चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच भूमी. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. १९९७ पासून हा जागतिक वारसा आहे आणि १९९९ पासून राष्ट्रीय उद्यान. कड्याला चिकटलेल्या गुलाबी-पिवळ्या घरांचा फोटो प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मीही पाहिला होता. त्या फोटोत घरांच्या वर, डोंगरभर, वहीच्या पानासारख्या आडव्या रेघा असतात. तिकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं.

ला स्पेत्सियाहून लेवांतोला जाणारी लोकल पाचही गावांना थांबते. दिवसभराचा पास घेतला की कितीही वेळा चढा-उतरा, उद्यानाच्या छोट्या बसही त्यातच. हा लोहमार्ग १८७४ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी इथे यायला होडी नाहीतर खेचरांच्या पायवाटा. गाडी बहुतेक वेळ बोगद्यातच असते. अंधार, मग दोन सेकंद निळाशार समुद्र, की पुन्हा अंधार. आत्या खिडकीशी बसून म्हणाली, "रत्नागिरीच्या गाडीत बसल्यासारखं वाटतंय, फक्त वडेवाला येत नाही."

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांसारख्याच वागलो, आणि पस्तावलो. दहा वाजता ला स्पेत्सियाच्या बंदरातल्या जहाजांवरून माणसांचे लोंढे आले. रिओमाज्जोरेच्या एकुलत्या एक मोठ्या गल्लीत गणपतीत दादरला असते तशी गर्दी. तिथून मानारोलाला जाणारी कड्यातली प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' २०१२ मध्ये दरड कोसळल्यामुळे बंद झाली होती आणि २०२४ मध्ये उघडली. एक किलोमीटरसुद्धा नाही, पण वेगळं तिकीट काढायचं आणि ठरलेल्या वेळी जायचं. "माझ्या वयाला प्रेमाच्या वाटेचं तिकीट नको," म्हणून आत्याने विषयच संपवला. कोर्निल्या हे पाचांतलं एकटंच गाव पाण्यापासून वर, शंभरेक मीटर उंच टेकाडावर आहे. स्टेशनपासून तिथे चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या. आम्ही मुकाट्याने बस धरली. मोंतेरोस्सोला खरी वाळूची पुळण आहे, तिच्यावर भाड्याच्या रंगीत छत्र्यांच्या रांगा. आत्याने वाळू मुठीत घेतली, सोडली आणि निकाल दिला, "आपलीच बरी." मासे खाणाऱ्यांनी इथल्या खारवलेल्या अँचोव्हीज सोडू नयेत म्हणतात. आमच्याबरोबर तसं कोणी नव्हतं.

वेर्नात्साला मात्र आम्ही रेंगाळलो. छोटंसं गोल बंदर, पाण्याच्या कडेला चर्च, वर जुन्या किल्ल्याचा बुरूज. समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. चहाचे कप पुढ्यात ठेवून मी आत्याला तिथली २५ ऑक्टोबर २०११ ची गोष्ट सांगितली. काही तासांत प्रचंड पाऊस झाला, डोंगर सुटला आणि चिखल-दगडांचा लोंढा या गल्लीतून समुद्राकडे गेला. दुकानांचे तळमजले गाडले गेले. गावातली तीन माणसं गेली. आत्या गल्लीकडे बघत बसली. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा तिची धाकटी नणंद दोन रात्री माळ्यावर बसून होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "डोंगर सुटला का? झाडं तोडली होती?"

उत्तर नीटसं मला दुसऱ्या दिवशी मिळालं. त्या दिवशी आम्ही शहाण्यासारखं सकाळी लवकर मानारोलाला उतरलो आणि थेट वर निघालो. गावातून उद्यानाची बस वळणं घेत वोलास्त्राला जाते. समुद्रापासून सव्वातीनशे-साडेतीनशे मीटर वरचं हे शांत खेडं. तिथून कोर्निल्याच्या दिशेने डोंगराच्या कमरेवरून द्राक्षमळ्यांतून एक वाट जाते. तिचा पहिला भाग जवळजवळ सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही झेपतो. फक्त पायांत बूट हवेत. सपाता घालून डोंगरवाटांवर जाणाऱ्यांना दंड करायचं उद्यानाने ठरवलं, त्याची बातमी झाली होती.

त्या वाटेवर दहा पावलं गेल्यावर आत्या थबकली. "अगो, हे तर गडगे!"

खरंच गडगे. फोटोतल्या आडव्या रेघा म्हणजे दगडांवर दगड रचून, चुना-सिमेंटचा थेंब न वापरता घातलेले बांध. जांभ्याऐवजी वालुकाश्म, एवढाच फरक. एकावर एक, शेकड्याने. हजारएक वर्षांपासून इथल्या माणसांनी तीव्र उतार असे पायऱ्या-पायऱ्यांत कापले आणि त्यांवर द्राक्षं आणि ऑलिव्ह लावली. गाइड मंडळी या गडग्यांची तुलना चीनच्या भिंतीशी करतात. कोरड्या दगडी बांधकामाची ही विद्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीबरोबर आणखी सात देशांच्या नावावर. गुहागर तालुक्याचं नाव त्यात नाही, याची आत्याने नोंद घेतली.

सिमेंट का नाही, हे मला तिनेच समजावलं. मागे पावसाचं पाणी तुंबलं की पक्की भिंत पोट काढते आणि एक दिवस फुटते. गडग्याच्या फटींतून पाणी वाट काढतं आणि माती मागे राहते. पण दरवर्षी एखादा दगड निसटतोच, तो त्याच वर्षी बसवावा लागतो. नाहीतर दहा वर्षांत गडगा आडवा. इथे नेमकं तेच झालंय. ला स्पेत्सियाच्या गोदीत पगाराची नोकरी मिळू लागली, मग पर्यटक आले, आणि पाठीवर टोपली घेऊन डोंगर चढायला कोण तयार होणार? वाटेवर जागोजागी झुडपांनी गिळलेले, पोट फुटलेले बांध दिसत होते. असे सोडून दिलेले उतार मुसळधार पावसात आधी सुटतात. आदल्या दिवशीचा प्रश्न माझ्याही डोक्यात होता. "झाडं नव्हेत," आत्या म्हणाली, "गडगे कुणी बघितले नाहीत."

जिथे मळे जिवंत होते तिथे तोडणी चालली होती. वेली इतक्या खाली मांडवावर चढवलेल्या की माणसाला वाकून, गुडघ्यांवर शिरावं लागतं. द्राक्षांचे क्रेट एका दातेरी रुळावरून सरकणाऱ्या चिमुकल्या गाडीवर चढवून खाली सोडतात. तिची घरघर डोंगरभर ऐकू येते. याच द्राक्षांतली निवडक महिना-दोन महिने सावलीत सुकवून शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. मी संध्याकाळी एक छोटा पेला घेतला. किंमत ऐकून आधी रागावले, मग ती गाडी आठवली आणि गप्प बसले.

परतताना वाटेच्या कडेला सत्तरीचे एक आजोबा ढासळलेला बांध पुन्हा घालत होते. शेजारी मोठे दगड, छोटे दगड आणि कपच्या असे तीन ढीग. आत्या तिथे उभीच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिने खाली वाकून एक दगड उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, दोनदा फिरवला, मान हलवून बाजूला ठेवला. आत्याने दुसरा दिला. हा त्यांनी जागेवर टेकवला, मागे एक कपची सारली, तळव्याने दाबून बघितला आणि काहीतरी म्हणाले. दोघींनाही इटालियन येत नाही. आत्या म्हणाली, "हो ना, बूड रुंद हवं." आमची बस चुकली.

संध्याकाळच्या गाडीत आत्याने गुहागरला फोन लावला. मुलाला वाटलं, आई काय काय पाहिलं ते सांगणार. "अरे, वरच्या अंगाचा गडगा..." बोगदा आला. समुद्र दिसला. "...बापू येईल का विचार, नाहीतर त्याचा..." पुन्हा बोगदा. "...हो रे, इथे सगळं छान आहे. पण मे महिन्याच्या आत..." आणि ला स्पेत्सिया येईपर्यंत रेंज परत आली नाही.