धरणाच्या पायथ्याचे पाणी

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. तेव्हापासून मी गावी गेलो की आमच्या लहानशा धरणाच्या भरावावरून एक फेरी मारल्यावाचून राहत नाही. पायथ्याशी थोडे पाणी पाझरणे हा मातीच्या धरणाचा स्वभावच आहे, मात्र ते नितळ आहे की गढूळ, हे पाहिलेच पाहिजे, कारण गढूळ पाण्याबरोबर भरावातील माती वाहून जात असते आणि आत हळूहळू पोकळ वाट तयार होते. भरावावर वाढलेली झाडे सावलीसाठी कितीही हवीशी वाटली तरी त्यांची मुळे कुजल्यावर पाण्याला तशीच वाट मिळते, म्हणून ती रोपटी असतानाच काढावीत. सांडवा, म्हणजे धरणातले जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट, झुडपांनी किंवा गाळाने अडला, तर पुराचे पाणी माथ्यावरून वाहू लागते, आणि ते मातीच्या भरावाला सोसत नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा प्रामुख्याने १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. आमचे धरण त्याहून बरेच ठेंगणे असल्याने पावसाळ्यापूर्वीची पाहणी आम्ही गावकऱ्यांनीच सुरू केली आहे.