तिरंग्यात नाही, मग जर्सी निळी का?

जर्सीची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक मापं लिहून देतं, ॲडव्हान्स टेकवतं, आणि निघता निघता भिंतीवरच्या फोटोकडे बघतं. भारताच्या हॉकी संघाचा फोटो आहे तो. मग प्रश्न येतो, "काय हो, झेंड्यात वर केशरी, खाली हिरवा. आपली पोरं निळ्यात का खेळतात?" साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं खेळाच्या कपड्यांचं दुकान आहे आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर पाठ झालं होतं: "अशोकचक्राचा निळा." गिऱ्हाईक खूश, मी मोकळा. पण परवा एका शाळेच्या पीटीच्या सरांनी पुढचं विचारलं, "चक्राचा निळा गडद असतो, मग जुन्या फोटोंत फिकट कसा?" तेव्हा मशीन तापलेलं होतं म्हणून विषय टाळला. आज सकाळपासून लाइट नाही. सर, तुम्ही विचारलंत म्हणून बैजवार सांगतो.

तिरंगा आजच्या रूपात स्वीकारला गेला तो 22 जुलै 1947 ला. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या संचलनात आपलं पथक फिकट निळे फेटे बांधून चाललं होतं. झेंडा अर्थातच इंग्रज सरकारचा. ध्यानचंद कप्तान होते. अंतिम सामना झाला 15 ऑगस्टला, आपण जर्मनीला 8-1 ने हरवलं. त्या सामन्याआधी संघाचे सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. आता कुणी म्हणेल, त्या झेंड्यावरचा चरखाही गडद निळाच होता. होता. पण जो झेंडा पोरांना खोलीचं दार लावून बघावा लागला, त्यावरून सरकारी पथकाच्या फेट्यांचा रंग ठरला असेल, हे मला पटत नाही. निळा आधी अंगावर आला, अर्थ नंतर चिकटला. लग्नात घेतलेल्या साडीला पुढे घरातले "आजीच्या आवडीचा रंग" म्हणू लागतात ना, तसं.

आणि झेंड्याचाच रंग घालायचा असा नेम कुणी पाळलाय? नेदरलँड्सचा झेंडा लाल-पांढरा-निळा, संघ नारिंगी. कारण त्यांचं राजघराणं ऑरेंज-नासाऊ. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यात हिरव्या-पिवळ्याचा पत्ता नाही. ते रंग त्यांच्याकडच्या वॉटल झाडाचे, पिवळी फुलं आणि हिरवा पाला, आणि 1984 साली सरकारने ते राष्ट्रीय रंग म्हणून जाहीर केले. न्यूझीलंडवाले तर काळे घालतात आणि नावच 'ब्लॅक स्टिक्स'. पाकिस्तानचा हिरवा मात्र सरळ झेंड्यातला. तेव्हा आपण निळे, यात विचित्र असं काही नाही.

पण खरं सांगू का, मला हा प्रश्नच थोडा चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. तुम्ही छातीकडे बघून विचारता. हॉकीची जर्सी खालून वर बघायची असते.

सांगतो, पण आधी निळ्याबद्दल एक गाऱ्हाणं, धंद्यातलं. सगळ्यांना 'टीम इंडियासारखा' निळा हवा असतो आणि मोबाइलवर फोटो दाखवतात. आमचं काम सबलिमेशनचं. पांढऱ्या पॉलिस्टरवरच चालतं. डॉटनिट कापड घ्या नाहीतर राइसनिट, बेस पांढराच लागतो. डिझाइन आधी कागदावर उलटं छापायचं, मग कापडावर ठेवून साधारण दोनशे डिग्रीला मिनिटभर दाबायचं. शाईची वाफ होते आणि धाग्यात शिरते, म्हणून ती धुऊन जात नाही. गंमत अशी की कागदावर रंग मळकट, मेलेला दिसतो. खरा रंग हीट प्रेस उघडल्यावरच कळतो. आणि निळा हा सगळ्यात दगाबाज. स्क्रीनवर झक्क रॉयल ब्लू, शाईत मॅजेंटा जरा जास्त झाली की प्रेसमधून बाहेर येतं वांगं. पहिल्या वर्षी मी एका मंडळाला अठरा जांभळ्या जर्स्या दिल्या होत्या. गणपती जवळ आले होते, त्यांनी मुकाट्याने घेतल्या. अजून ते मला 'वांगीवाले' म्हणतात. डच नारिंगीची तऱ्हा वेगळी. चार शायांतून तो पेटता नारिंगी निघतच नाही, विटकरीकडे झुकतो. फ्लोरोसंट शाई वेगळी भरावी लागते, म्हणून त्याचे पैसे जास्त. उगाच लावत नाही.

आता खालून वर.

हॉकी पूर्वी गवतावर व्हायची. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून ती कृत्रिम टर्फवर आली. टर्फ हिरवं, चेंडू पांढरा. 2012 ला लंडनमध्ये त्यांनी सगळं फिरवलं: मैदान निळं, कडेची पट्टी गुलाबी आणि चेंडू पिवळाधमक. का, तर टीव्हीवर आणि स्टँडमधून चेंडू दिसावा. त्या वेळी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण पिवळा चेंडू निळ्यावर असा उठून दिसतो की पुढे निळं टर्फच जगभर रुळलं. म्हणजे बघा, आपला संघ जवळपास शंभर वर्षं निळ्याशी सलगी करून आहे आणि मैदानच येऊन त्याच्या रंगाचं झालं! टीव्हीवर वरच्या कॅमेऱ्यातून बघताना मला आपली पोरं कधीकधी टर्फमध्ये विरघळल्यासारखी वाटतात. हे माझं मत, तज्ज्ञांचं नव्हे.

खेळणाऱ्याला काय दिसतं, ते मला एका पोरीने शिकवलं. जिल्ह्यातल्या एका शाळेचा मुलींचा संघ पुण्याला टर्फवर खेळायला चालला होता. नेहमी मुरमाच्या मैदानावर खेळणाऱ्या मुली, पहिल्यांदाच टर्फ. मी हौसेने गडद निळ्या जर्स्या केल्या, पाठीवर काळे आकडे, खाली निळेच मोजे. दुकानात हँगरवर फार रुबाबदार दिसत होत्या. समोरचा संघही गडद निळ्यातच निघाला. अंपायरने यांना जर्सीवरून बिब, म्हणजे वेगळ्या रंगाच्या बिनबाह्यांच्या बंड्या, घालायला लावले. जर्सीचा प्रश्न मिटला, मोजे तसेच राहिले. हाफटाइमपर्यंत मुलींनी चार-पाच पास सरळ समोरच्या संघाला दिले. पाठीवरचे आकडे तर बाकावरून कुणालाच वाचता येत नव्हते. परत आल्यावर सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध, खेळणारी मुलगी हिशेबाच्या वेळी सरांबरोबर आली होती. मी म्हटलं, "बिब तर होते की गं अंगात." ती म्हणाली, "काका, मान वर करायला टाइम कुठं असतो? चेंडू खाली, नजर खाली. आम्ही पाय बघून पास देतो."

पाय बघून! इतकी वर्षं कपडे शिवतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. क्रिकेटमध्ये चेंडू डोळ्यांसमोर उडतो, कबड्डीत माणूस माणसाला धरतो. हॉकीत सगळा व्यवहार जमिनीपासून वीतभर उंचीवर. अंपायरलाही तेच. चेंडू पायाला लागला तर फाऊल, पण घोळक्यात सहा पाय असताना लागला कुणाच्या पायाला? मोज्यांवरूनच कळणार. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत संघाला गडद आणि फिकट असे दोन संच आणावे लागतात, मोज्यांसकट. आमच्याकडे मोजे म्हणजे शेवटी 'काहीतरी द्या हो' म्हणून घ्यायची वस्तू. आता मी उलटं करतो. आधी मोज्यांचा गठ्ठा काउंटरवर, मग कॉलर चायनीज की राउंड नेक ते बोला.

गोलकीपरचं तर वेगळंच. त्याची जर्सी एका रंगाची आणि दोन्ही संघांपेक्षा निराळी हवी, असा नियमच आहे. म्हणजे तिसरा रंग तयार ठेवा. आणि आता पोरांना त्यावर 16 आकडाच पाहिजे असतो. भारताचा गोलकीपर श्रीजेशने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेऊन निवृत्ती घेतली आणि हॉकी इंडियाने सीनियर संघातला 16 नंबर त्याच्याबरोबर निवृत्त केला. तिकडे तो आकडा बंद झाला, इकडे माझ्याकडे त्याला तोटा नाही.

छातीवरच्या नावाबद्दलही विचारतात. भारताच्या जर्सीवर 'ओडिशा' का? कारण 2018 पासून त्या राज्य सरकारने राष्ट्रीय संघांची प्रायोजकी घेतलीय, मुलांची आणि मुलींची दोन्ही. आमचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "मग साताऱ्याचं नाव का नाही?" नाव नसेल, माणसं आहेत की. वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे, तिघी फलटण तालुक्यातल्या आणि तिघीही भारताकडून खेळल्या. तिकडून येणाऱ्या लहान मुली आता 'इंडियासारखी' म्हणत नाहीत, 'वैष्णवीताईसारखी' म्हणतात. प्रायोजकाचा खरा त्रास आमच्या गल्लीतला. सौजन्य म्हणून दूध डेअरीचं नाव, खाली भाऊंचा फोटो, त्याच्या शेजारी भाऊंच्या वाढदिवसाची तारीख, आणि उरलेल्या जागेत खेळाडूचा आकडा. मी भाऊंना दंडावर नेतो. एकदोघे रागावले, उरलेल्यांना दंड आवडला.

राहिला स्कर्टचा विषय. मुलींच्या संघासाठी सर लोक हटकून स्कर्ट सांगतात, टीव्हीवर तसंच बघितलेलं असतं. इंग्लंडच्या टेस हॉवर्ड नावाच्या खेळाडूने यावर रीतसर अभ्यास केला, ठरावीक गणवेशामुळे किती मुली खेळच सोडतात यावर. नियमही सैल झाले. आता आंतरराष्ट्रीय सामन्यात एकाच संघात काही जणी शॉर्ट्समध्ये आणि काही जणी स्कॉर्टमध्ये, म्हणजे आतून शॉर्ट्स जोडलेल्या स्कर्टमध्ये, दिसतात. रंग एक असला की झालं.

त्याच सेंटर हाफच्या शाळेची नवी ऑर्डर आलीय. या वेळी सरांनी मुलींनाच दुकानात पाठवलं. जर्सी पांढरी, बाह्या केशरी, आकडे गडद निळे आणि मोजे पेटते नारिंगी, हे त्यांनी पाच मिनिटांत ठरवलं. पांढरं मुरमात मळेल म्हटलं, तर म्हणाल्या, "धुवू की." खालचं काय, यावर पाऊण तास वाद. शेवटी अकरा शॉर्ट्स आणि पाच स्कॉर्ट. गोलकीपरला हिरवी हवीय. कटिंग झालंय, कागद छापून ठेवलेत, आणि लाइटचा अजून पत्ता नाही.