तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, सागाचा आहे ना?"

प्रदर्शनात स्टॉल लावला की पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. कलथा हातात घेऊन उलटासुलटा करून बघतात आणि विचारतात, ताई, सागाचा आहे ना? नाही म्हटलं की बऱ्याच जणी हळूच खाली ठेवून पुढे जातात. भीमथडी असो नाहीतर दिवाळीआधीचं सोसायटीतलं प्रदर्शन, हे ठरलेलं. गर्दीत नीट बोलता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझे कलथे आणि चाटू बाभळीचे असतात, काही शिवणीचे. आणि ते मुद्दाम.

साग वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. दारंखिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, अंगचंच तेल असतं त्यामुळे वाळवी सहसा फिरकत नाही, पावसापाण्यात वाकत नाही. पण कलथ्याचं काम वेगळं आहे हो. त्याची कड इतकी पातळ लागते की घावनाखाली अलगद सरकली पाहिजे, आणि तीच पातळ कड रोज बिडाच्या तव्यावर घासली जाते. साग मध्यम वजनाचं लाकूड, घनमीटरला साधारण 650 किलो, बाभूळ 800 च्या आसपास, त्यामुळे बाभळीची कड पातळ केली तरी टिकते, लवकर झिजत नाही. बैलगाडीची चाकं आणि शेतीची औतं पिढ्यानपिढ्या बाभळीची होत आली ती उगाच नाही.

शिवाय बाभूळ बांधाबांधावर आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी काढावी लागते. एका कलथ्यासाठी साग मागायचा हे मला खरंच पटत नाही.

आता लाकडाच्या नावापेक्षा जे महत्त्वाचं ते सांगते. बाभळीचा ओंडका चिरला की बाहेरचा भाग पांढरट आणि आतला गाभा लालसर तपकिरी दिसतो. पांढऱ्या भागाला कीड लागते, काही महिन्यांनी डब्यात ठेवलेल्या चमच्यातून पीठ पडायला लागतं ते त्यामुळेच. म्हणून मी फक्त गाभा वापरते. मग रेषा बघायची. दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा सरळ गेली पाहिजे, मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडली तर घट्ट पिठलं ढवळताना दांडा नेमका मानेपाशी मोडतो, मग लाकूड सागाचं असो की शिसवीचं.

करवत, रंधा, कानस झालं की पॉलिश पेपर, आणि मग एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कलथा ओला करायचा आणि वाळू द्यायचा. पाणी लागलं की दबलेले तंतू उभे राहतात, हात फिरवला तर खरखरीत लागतं. ते पुन्हा बारीक पेपरने घासायचे, पुन्हा ओला, पुन्हा वाळवण. हे इथेच उरकलं नाही तर तुमच्याकडे पहिल्या धुण्यातच तो खरखरीत होणार. तुम्ही पैसे देता ते लाकडाचे कमी आणि या घासण्याचे जास्त.

चकचकीत का नाही, हेही विचारतात. कारण वर पॉलिशचा थर दिला की तो गरम तेलात आणि घासणीखाली कधी ना कधी सुटणार, आणि जाणार कुठे, भाजीत. मी खाण्याचं जवसाचं तेल चोळते, ते हवेने हळूहळू सुकून लाकडात घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नाही हं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते रंगकामासाठी ठीक. आणि कोणी घरी करून बघणार असाल तर तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि असं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते सुकत नाही, खवट वास येतो. खोबरेल त्यामानाने बरं. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवायचा नाही, डिशवॉशरमध्ये घालायचा नाही, धुऊन लगेच उभा करून सावलीत वाळवायचा.

माझ्याकडून नाही घेतलात तरी चालेल, पण कुठल्याही स्टॉलवर घ्याल तेव्हा दांडा डोळ्यासमोर आडवा धरून रेषा बघा, कडेला पांढरा पट्टा आहे का बघा, आणि बोट जरा ओलं करून कडेवरून फिरवा. आणि सागाचा आहे का याऐवजी गाभ्यातला आहे का असं विचारा, बनवणाऱ्याला लगेच कळेल तुम्हाला काय हवंय ते.